हाताची घडी, तोंडावर बोट म्हणजे संयम नव्हे

पालक मेळाव्याला वक्ते कोणीही असोत, एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अमेरिकेत चार वर्षांच्या मुलांसमोर मार्शमॅलो नावाचा मऊ, गोड खाऊ एकेक ठेवला आणि सांगितलं, 'मी परत येईपर्यंत हा खाल्ला नाहीस तर तुला दोन मिळतील.' काही मुलांनी पाठ वळताच खाल्ला, काहींनी वाट पाहिली. वाट पाहणारी मुलं पुढे परीक्षेत आणि आयुष्यात यशस्वी झाली, खाणारी मागे पडली. मग वक्ते समोरच्या आईबापांकडे वळतात. तुमच्या मुलांना 'नाही' ऐकायची सवय उरलेली नाही, मोबाइलने त्यांचा धीर संपवला, आमच्या वेळी घरात धाक होता म्हणून आम्हाला वळण लागलं, तेव्हा आतापासूनच शिस्त लावा. सभागृहात माना हलतात. घरी गेल्यावर एखादी आई साडेतीन वर्षांच्या मुलापुढे पेढा ठेवते, लपून त्याचं चित्रण करते, आणि त्याने पेढा तोंडात टाकला की तिच्या पोटात गोळा येतो.

त्या आईला विनाकारण घाबरवलं गेलं आहे. ज्या प्रयोगाचा हवाला देऊन तिला धाक घातला, त्या प्रयोगातून हा निष्कर्ष निघत नाही. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत जे संशोधन झालं, ते तर बऱ्याच अंशी या निष्कर्षाच्या विरुद्ध जातं. तरीही याच गोष्टीच्या जोरावर बालवाड्यांत आणि घरांत लहान मुलांना तासन् तास गप्प बसवलं जात आहे, म्हणून तिचा प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं.

मूळ प्रयोग वॉल्टर मिशेल यांचे. नाझींमुळे १९३८ साली व्हिएन्ना सोडावं लागलेल्या ज्यू कुटुंबातले हे मानसशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये त्यांनी हे प्रयोग सुरू केले. कोणतं मूल गुणी आणि कोणतं उनाड, हे ठरवण्यासाठी ते केलेले नव्हते. थांबणं मुलांना कशामुळे जमतं, हा मिशेल यांचा प्रश्न होता. म्हणून ते परिस्थिती बदलून बदलून पाहत होते. कधी खाऊ डोळ्यांसमोर ठेवला, कधी झाकला. काही मुलांना सांगितलं की मजेच्या गोष्टी मनात आण, काहींना सांगितलं की खाऊचाच विचार कर. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचं उत्तर आहे. खाऊ समोर आणि मनाला दुसरं काही नाही, अशा वेळी मुलं फार लवकर हार मानत. तशीच मुलं, त्याच नर्सरीतली, मनात मजेची गोष्ट आणायला सांगितल्यावर कितीतरी जास्त वेळ थांबत. काही मुलं तर ही युक्ती आपली आपण शोधत. कुणी डोळे झाकून घेई, कुणी गाणं म्हणे, कुणी हातापायांचे खेळ करी.

म्हणजे थांबणारं मूल दात-ओठ खाऊन मोहाशी झुंजत नव्हतं, ते मोहाकडे पाठ फिरवायला शिकलेलं होतं. ही युक्ती शिकता येते, शिकवता येते, आणि ती धाकाने येत नाही. मिशेल यांनी आयुष्यभर हेच सांगितलं. २०१४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातही सगळा भर याच मुद्द्यावर आहे. मेळाव्यातल्या कथेत मात्र या युक्त्यांचं नावही निघत नाही. उरतो फक्त निवाडा: खाणारं मूल आणि न खाणारं मूल.

आता राहिली 'पुढे यशस्वी झाली' ही गोष्ट. मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं उलटल्यावर त्या मुलांची चौकशी केली आणि थांबण्याचा काळ आणि पुढचे परीक्षेतले गुण यांत संबंध दिसला, हे खरं. पण ज्यांचे गुण हाती आले आणि ज्यांनी खाऊ समोर असताना स्वतःच्या बळावर वाट पाहिली होती, अशी मुलं मोजकी होती, आणि तीही एका विद्यापीठाच्या परिसरातली. २०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन हाच संबंध पुन्हा तपासला. त्यात मुख्य लक्ष होतं ते कॉलेजची पदवी नसलेल्या आयांच्या मुलांवर. संबंध सापडला, पण पूर्वीच्या निम्माच. घरची परिस्थिती, घरातलं वातावरण आणि लहानपणीची बौद्धिक समज या गोष्टी हिशेबात धरल्यावर उरलेल्यातलाही दोन-तृतीयांश भाग गेला. मूल किती वेळ थांबतं यात त्याच्या घराचा फार मोठा वाटा असतो, असा याचा अर्थ. मेळाव्यातले वक्ते मुलाच्या स्वभावाबद्दल जे बोलतात, ते पुष्कळदा त्याच्या बापाच्या पगाराबद्दल असतं.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. मुलं फक्त अठ्ठावीस, वय तीन ते पाच. मार्शमॅलो समोर येण्याआधी प्रत्येक मुलाला चित्र काढायला बसवलं. जवळ वापरून झिजलेले खडू होते. प्रयोग करणाऱ्या बाई म्हणाल्या, 'थोडं थांबलीस तर मी आणखी छान खडू आणते.' निम्म्या मुलांसाठी त्या खरोखर रंगकामाचं भरपूर साहित्य घेऊन आल्या. उरलेल्या निम्म्यांकडे त्या रिकाम्या हातांनी परतल्या आणि म्हणाल्या, 'माझी चूक झाली, आमच्याकडे दुसरे खडू नाहीतच.' मग चिकटवायच्या चित्रांबाबतही तेच घडलं. त्यानंतर मार्शमॅलो. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, आणि चौदापैकी नऊ जणांनी पंधरा मिनिटांची पूर्ण मुदत गाठली. ज्यांची दोनदा निराशा झाली होती ती सरासरी तीन मिनिटं थांबली. त्यांच्यातल्या फक्त एका मुलाने मुदत गाठली.

या मुलांमध्ये काही संयमी आणि काही उतावीळ असा भेद आधी नव्हता. थोड्याच वेळापूर्वी एका मोठ्या माणसाने शब्द पाळला की मोडला, एवढाच फरक होता. ज्या मुलाने लगेच खाल्लं त्याचं काय चुकलं? समोरच्या माणसाचा भरवसा नाही, तेव्हा हातात आहे ते घ्यावं, हा हिशेब चोख आहे. व्यवहारात आपणही तोच करतो. लहान मुलाने केला की त्याला आपण हावरट म्हणतो.

आपल्या घरांत मुलांशी किती सहज खोटं बोललं जातं, हे या प्रयोगाशेजारी ठेवून पाहा. 'सुई अजिबात दुखणार नाही.' 'आई इथेच आहे, कुठे जात नाही,' असं म्हणून मूल खेळात गुंगलं की मागच्या दाराने ऑफिसला जाणं. 'आज गप्प बस, रविवारी बागेत नेतो.' रविवार येतो आणि जातो. यातलं प्रत्येक वाक्य मोठ्यांच्या दृष्टीने क्षुल्लक आहे. मूल मात्र त्यातून एक धडा पक्का शिकतं, की 'नंतर' हा शब्द म्हणजे 'नाही'. मग त्याच मुलाला पाच वर्षांचं झाल्यावर धीर नाही म्हणून दोष द्यायचा, हा सरळसरळ अन्याय आहे.

आणि घराच्या बाहेर पाहिलं तर हा अन्याय आणखी मोठा दिसतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, म्हणून दिवाळीच्या सुमारास शाळेचं सत्र अर्धवट टाकून मूल आईबापांबरोबर निघतं आणि फडाजवळच्या कोपीत राहतं. परत कधी यायचं हे उसावर आणि कारखान्यावर ठरतं. अशा मुलाला वर्गात 'चित्त स्थिर नाही' म्हणणारे शिक्षक भेटतात. त्याच्या जगात आजच्या कष्टाचं फळ उद्या मिळेल याची हमी कोणी दिली आहे? तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी कापणीआधीच्या तंगीच्या दिवसांत आणि पैसे हातात आल्यावर, असा दोनदा तपासला. तंगीच्या दिवसांत लक्ष एकवटण्याच्या आणि मनातली पहिली ऊर्मी आवरण्याच्या चाचण्यांत तो कमी पडला. माणूस एकच, डोक्यावरचा भार वेगळा. प्रौढ, अनुभवी शेतकऱ्याचं हे होतं, तर त्याच तंगीत वाढणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाकडून आपण कसली अपेक्षा करतो?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास जन्मापासून चालू आहे. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्यातून दाखवलं की तीन ते अकरा या वयात ज्यांचा स्वतःवर ताबा कमी होता, त्यांची बत्तिसाव्या वर्षी तब्येत, आर्थिक स्थिती आणि गुन्हेगारी, सगळंच इतरांपेक्षा वाईट होतं. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक वजा केल्यावरही फरक उरला. मला हा अभ्यास मान्य आहे. आत्मसंयम महत्त्वाचा नाही, असं माझं म्हणणंच नाही. तो महत्त्वाचा आहे म्हणून तर तो कसा येतो याबद्दल खोटं बोललेलं मला खपत नाही. ड्युनेडिनमध्ये मुलांना एका दुपारी एका खाऊवर तोललेलं नव्हतं. आईवडील, शिक्षक, निरीक्षक आणि पुढे मुलं स्वतः, या सर्वांनी अनेक वर्षं दिलेली माहिती एकत्र केली होती. त्याच अभ्यासात असंही आढळलं की लहानपणी ताबा कमी असलेल्या काही मुलांचा तो तरुणपणापर्यंत सुधारला, आणि त्यांचं पुढे बरं झालं. साडेतीन वर्षांच्या पोराचं भविष्य त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, हे या अभ्यासातूनही दिसतं. आणि धाकाने ताबा येतो, असं तर त्यात कुठेही नाही.

मग तो येतो कसा? मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो यांची पत्त्यांची चाचणी इथे पाहण्यासारखी आहे. एका खोक्यावर निळा ससा असतो, दुसऱ्यावर लाल होडी. तीन वर्षांच्या मुलाला चित्रांचे पत्ते देतात ते मात्र लाल ससे आणि निळ्या होड्या. आधी ते रंगाप्रमाणे त्या दोन खोक्यांत टाकायचे. मूल झरझर टाकतं. मग सांगतात, 'आता रंगाचा खेळ संपला, आता चित्राचा खेळ. ससे इकडे, होड्या तिकडे.' मूल मान डोलावतं. 'मग ससे कुठे टाकायचे?' असं विचारलं तर बरोबर खोक्याकडे बोट दाखवतं. लगेच हातात ससा द्यावा, तर तो रंगाच्याच खोक्यात जातो. पुन्हा विचारा, पुन्हा उत्तर बरोबर. पुन्हा पत्ता द्या, पुन्हा हात चुकतो. पाच वर्षांची बहुतेक मुलं मात्र नवा नियम सहज पाळतात.

कळतं पण वळत नाही, असं आपण म्हणतो ते यालाच. तीन वर्षांच्या मुलाला नियम ठाऊक असतो, पण आधीच्या सवयीला थोपवून त्या नियमाने हात चालवणारी यंत्रणा मेंदूच्या पुढच्या भागात नुकती कुठे उभी राहत असते, आणि तिची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. 'दहादा सांगितलं तरी मुद्दाम करतो' हा जो आरोप घराघरांत होतो, तो या वयापुरता बहुधा खोटा असतो. आणि आरोपच खोटा असला की त्याबद्दलच्या शिक्षेचं समर्थन करता येत नाही. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २००९ सालीच बंदी घातली. तो कायदा सहा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे, पण त्याहून लहान मुलांना आपण त्याहून कमी जपावं, असं कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही.

आता आपल्या छोट्या शिशूच्या वर्गात जाऊ. चाररेघी वही, गिरवायची अक्षरं, हाताची घडी, तोंडावर बोट. बाई समोर असेपर्यंत शांतता, बाई दाराबाहेर गेल्या की कल्लोळ. त्या शांततेत ताबा कोणाचा होता? बाईंचा. मुलाने स्वतःला आवरायचं तर आधी त्याला स्वतःचं काही साधायचं असलं पाहिजे. बाईंनी नेमून दिलेली, बाईंनी वेळ लावलेली, बाईंनी तपासलेली पानं भरताना हेतू मुलाचा नसतोच. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांचा २०१४ साली एक अभ्यास झाला. ज्या मुलांचा मोठ्यांनी न आखलेला, मोकळा वेळ जास्त होता, ती मुलं आपणहून विचार पुढे नेण्याच्या चाचणीत सरस ठरली. तो अभ्यास सत्तर मुलांचा, आणि कारण सिद्ध करणारा नव्हे, पण सगळी दुपार शिकवण्यांनी भरून टाकणाऱ्या आईबापांनी तो डोळ्यांआड करू नये.

तोंडावर बोट ठेवायला लावण्यात तर दुहेरी नुकसान आहे. लहान मूल काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी हे बारकाईने पाहिलं. मुलं चित्र काढत असताना त्यांनी मुद्दाम अडचण निर्माण केली, म्हणजे हवी ती पेन्सिल किंवा कागद मिळणार नाही असं केलं. लगेच मुलांचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुपटीने वाढलं. निळी पेन्सिल नाही हे पाहून एक मूल स्वतःशीच बोलू लागलं, की लाल रंगाने काढू आणि पाणी लावू, म्हणजे ते गडद होऊन निळ्यासारखं दिसेल. हेतू ठरला, अडथळा आला, दुसरा मार्ग निघाला, आणि हे सगळं मोठ्याने घडलं, कारण या वयात विचार बोलूनच होतो. पुढे तेच बोलणं आत जातं आणि आपण त्याला मनातला विचार म्हणतो. आपल्या वर्गांत मात्र हे बोलणं म्हणजे बेशिस्त. 'तोंड बंद ठेवून लिही' ही सूचना पाच वर्षांच्या मुलासाठी विचार बंद ठेवण्याची सूचना आहे.

वायगॉट्स्की यांचं दुसरं म्हणणं खेळाबद्दल होतं, आणि त्यांच्या पश्चात सोव्हिएत संशोधक मनुइलेंको यांनी १९४८ साली त्याचा सुंदर पुरावा दिला. लहान मुलांना नुसतं 'हलायचं नाही, उभं राहा' सांगितलं की ती फार वेळ टिकत नसत. त्यांनाच खेळात पहारेकरी केलं की ती कितीतरी जास्त वेळ निश्चल उभी राहत. पहारेकऱ्याने हलायचं नसतं, आणि पहारेकरी तर मला व्हायचं आहे. खेळ म्हणजे मोकाट सुटणं, हा मोठ्यांचा समज चुकीचा आहे. भातुकलीत जी मुलगी आई झाली आहे तिला आईसारखंच वागावं लागतं, रडून चालत नाही. दुकान-दुकान खेळताना गिऱ्हाइकाला हिसकावून घेता येत नाही, पैसे द्यावे लागतात. नियम कोणी लादलेला नसतो आणि तो मोडला की खेळच मोडतो.

मेंदूच्या प्रयोगशाळांत ज्या चाचण्या चालतात त्या आपल्या अंगणांत पिढ्यान् पिढ्या खेळल्या गेल्या आहेत. 'चिमणी उडे' म्हटलं की बोट वर, 'कावळा उडे' म्हटलं की बोट वर, आणि त्याच लयीत 'म्हैस उडे' आलं की बोट जमिनीवर रोखून धरायचं. वर उचलायची ऊर्मी पुरती जोरात असताना ती रोखायची. तळ्यात-मळ्यातमध्ये सलग दोनदा 'तळ्यात' आलं की उडी आवरायची, नाहीतर बाद. इथे कोणी भाषण देत नाही, कोणी मारत नाही, आणि चारपाच वर्षांचं मूल हसत हसत शंभर वेळा स्वतःला आवरतं, चुकतं, पुन्हा खेळायला येतं. गल्लीतून हा खेळ गेला, सोसायटीच्या वाहनतळातून तो हाकलला गेला, शाळेच्या वेळापत्रकात त्याला जागा नाही, आणि मग आपण म्हणतो की मुलांचा स्वतःवर ताबा नाही.

हे महाराष्ट्राला कोणी परदेशातून येऊन सांगायची गरज नव्हती. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाडी आणि अंगणवाडी आकाराला आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, आणि खडे, पानं, बिया, शिंपले हेच साहित्य. मूल स्वतः निवडलेल्या कामात गढलं की त्याला गप्प बसवावं लागत नाही, यावर ही बालवाडी उभी होती. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण दिलं गेलं. त्यांची शिकवण आपण घेतली असती, तर साडेतीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ देणारी शाळा आज चांगली शाळा म्हणून मिरवली नसती.

मोबाइलचा मुद्दा मी टाळत नाही. आजची मुलं पूर्वीपेक्षा उतावीळ झाली, हे विधान मात्र तपासून केलेलं नाही. अमेरिकेतल्या मुलांच्या गेल्या पन्नास वर्षांतल्या अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या तेव्हा अलीकडची मुलं जुन्या मुलांपेक्षा जास्त वेळ थांबताना आढळली, कमी नव्हे. विचारलेल्या बहुतेक प्रौढांचा अंदाज मात्र नेमका उलटा होता. आपल्याकडे असा दीर्घ हिशेब झालेला माझ्या वाचनात नाही, म्हणून मराठी मुलांबद्दल मी तसा दावा करणार नाही. वक्त्यांनीही उलटा दावा करू नये. माझी तक्रार वेगळी आहे. दवाखान्यात, एसटीत, लग्नाच्या पंगतीची वाट पाहताना मूल कंटाळलं की त्या क्षणी हातात फोन दिला जातो. त्या कंटाळ्यातच ते खिडकीतून गाड्या मोजायला लागलं असतं, बोटांची माणसं करून खेळलं असतं. स्वतःचं मन स्वतः रमवण्याची जी युक्ती मिशेल यांच्या नर्सरीतल्या मुलांनी शोधली, ती शोधण्याची गरजच आपण पडू देत नाही. तो फोन मूल दुकानातून आणत नाही. तो आपण देतो.

वक्त्यांना माझी विनंती आहे की मार्शमॅलोची गोष्ट सांगायचीच असेल तर पुरी सांगा, रिकाम्या हातांनी परतलेल्या त्या बाईंसकट. आईबापांना विनंती आहे की मुलाची परीक्षा घेणं सोडा आणि त्याला दिलेला रविवार पाळा. आता प्रवेशाचे दिवस येतील. शाळेत फी किती, माध्यम कोणतं, बस कुठून, हे सगळं तुम्ही विचारालच. त्याबरोबर हेही विचारा, की मुलांना स्वतः निवडलेलं काम आणि स्वतः मांडलेला खेळ करायला रोज किती वेळ मिळतो. 'अभ्यासक्रम संपवून वेळ उरला तर' असं उत्तर आलं, तर तिथे मूल घालू नका.